आक्का, वानर आणि बिस्किटाचा पुडा

"डॉक्टरभाऊ, मला जंगलात जायचंय. जाऊ का?"

ओपीडीत असा प्रश्न रोज येत नाही. आंबा खाऊ का, उपास धरू का, चारधामला जाऊ का, हे नेहमीचे. म्हणून मी लिहिणं थांबवून वर पाहिलं. समोर आक्का बसल्या होत्या. वय ६८, मधुमेहाला बारा वर्षं झालेली, बीपीची एक गोळी, आणि पांझरेच्या काठावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांत नियमित सदस्य. पावसातसुद्धा छत्री घेऊन येणार. त्यांचा मुलगा सिंगापूरला असतो. आईला एप्रिलमध्ये बोर्निओला न्यायचं त्याने ठरवलं होतं. मोबाइलवर त्याने पाठवलेली सगळी माहिती त्यांनी मला दाखवली: मलेशियातलं सबाह राज्य, सेपिलोकचं ओरांगउटान केंद्र, किनाबातांगान नदीतून होडीने फेरी, लोंबत्या नाकाची माकडं, मोठाले धनेश पक्षी. सोबत गाइड. चार दिवस.

"मी आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं जंगल म्हणजे शिरपूरच्या पुढे सेंधव्याच्या रस्त्याला लागतं ते. तेही एसटीच्या खिडकीतून," आक्का म्हणाल्या.

पुढे जे घडलं ते इथे लिहायला आक्कांनी परवानगी दिली आहे. लेख त्यांना वाचून दाखवला. "नाव नको, बाकी सगळं राहू द्या," असं त्या म्हणाल्या. खरं तर या लेखात चूक त्यांची थोडी आणि माझीच जास्त आहे, हे वाचताना तुमच्या लक्षात येईल.

मी त्यांना लगेच हो म्हटलं नाही. वर्षावन म्हणजे आपल्याकडचं जंगल नव्हे. तिथे वर्षभर पाऊस, तापमान तिशीच्या आसपास, पण हवेत इतका दमटपणा की आलेला घाम वाळतच नाही. आपण धुळेकर चव्वेचाळीस अंशांत लग्नं लावतो, कारण आपली हवा कोरडी असते, घाम उडतो आणि अंग निवतं. दमट हवेत घाम नुसता ओघळतो, अंग काही थंड होत नाही. त्यात चिखल, लाकडी पायवाटा, होडीतून चढउतार, जेवणाच्या बदललेल्या वेळा. साठीच्या पुढच्या मधुमेही माणसाने अशा ठिकाणी जाऊच नये असं मी म्हणत नाही. पण आधी एकदा तालीम करावी, असं माझं मत.

तालमीसाठी जागा शोधायला फार लांब जावं लागलं नाही. चाळीसगावपासून अठराएक किलोमीटरवर पाटणादेवी आहे. आपल्यातले बरेच जण तिथे चंडिकादेवीच्या दर्शनाला गेलेले असतात, पण देऊळ झालं की गाडीत बसून परत. देवळामागे जो डोंगर उभा आहे, तो गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा भाग. १९८६ मध्ये घोषित झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. हे वर्षावन नाही, पानझडीचं जंगल आहे. उन्हाळ्यात जाल तर नुसत्या काड्या उभ्या दिसतील. पण पावसाळ्याच्या शेवटी ते असं काही हिरवं होतं की चार महिन्यांपुरता माणूस फसावा.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही एकवीस जण मिनीबसने निघालो. ग्रुपमधले बहुतेक मधुमेही, काही बीपीवाले, दोघे अँजिओप्लास्टी झालेले, आणि जळगावहून थेट चाळीसगावला येऊन मिळालेले एक निवृत्त बँक मॅनेजर व त्यांच्या पत्नी. ते येताना केळ्यांच्या दोन फण्या घेऊन आले. जळगावचा माणूस रिकाम्या हाताने कसा येईल? आमच्याकडे कळण्याच्या भाकरी, ठेचा, बिबड्या आणि भरीत होतंच.

बसमध्ये मी माइक हातात घेतला आणि अर्धा तास भाषण दिलं. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते. वानरांना काही खायला द्यायचं नाही. पिशव्या बंद ठेवायच्या. केळी बसमधून खाली उतरणार नाहीत. एवढं ठीक होतं. पण मग मी गाडी नेहमीच्या रुळावर आणली. "आणि कोणाच्या पिशवीत बिस्किटं असतील तर आत्ताच सांगा. वानरांसाठी पण नाही आणि तुमच्यासाठी पण नाही. बिस्किट म्हणजे मैदा, साखर आणि तूपसुद्धा नाही, वनस्पती! इथे कोणी बिस्किट खाताना दिसलं तर पुढच्या महिन्याची तपासणी डबल फीने." सगळे हसले. आक्काही हसल्या.

पायथ्याशी पाटण्याचा एक तरुण वाटाड्या आमची वाट पाहत होता. तिशीच्या आतला, अंगाने किडकिडीत, गळ्यात जुनी दुर्बीण. त्याने पहिलं काम काय केलं तर आम्हाला पाच मिनिटं गप्प उभं केलं. एकवीस खान्देशी माणसं पाच मिनिटं गप्प, हाच मुळात निसर्गाचा चमत्कार. मग हळूहळू आवाज सुटे व्हायला लागले. तांबटाचं ठोक-ठोक, सातभायांचं भांडण, लांबून मोराचा केकारव. एका उंबरावर त्याने राखी धनेशाची जोडी दाखवली. धनेशाची मादी विणीच्या वेळी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि नर तिला बाहेरून फळं भरवत राहतो, असं त्याने सांगितलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक जण म्हणाल्या, "आमच्या ह्यांना सांगा जरा."

आणि मग ओढ्याच्या कडेला स्वर्गीय नर्तक दिसला. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पांढराशुभ्र, काळं डोकं, आणि शेपटीच्या दोन लांबलचक फिती. तो उडतो तेव्हा पक्षी उडाल्यासारखं वाटत नाही, कोणीतरी हवेत रिबीन सोडल्यासारखं वाटतं. दोन-तीन सेकंदांचा खेळ. आक्कांनी तो दुर्बिणीशिवाय सगळ्यांच्या आधी टिपला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या वर्षीच झालं आहे, आणि त्याचा इतका चांगला निकाल त्या सर्जनला पाहायला मिळायला हवा होता.

वानरांची टोळी केदारकुंडाच्या वाटेवर भेटली. काळी तोंडं, करडं अंग, शेपटी उंच धरलेली, पंधरा-सोळा जण. वाटाड्याने आम्हाला पंधरा पावलांवर थांबवलं. एका मादीच्या पोटाशी अगदी नवं पिल्लू होतं, काळपट रंगाचं. दुसऱ्या मादीने येऊन ते अलगद घेतलं, आणि आईने निवांत कोवळी पानं खायला सुरुवात केली. थोड्या वेळाने तिसरीने घेतलं. वानरांमध्ये ही पद्धतच आहे, टोळीतल्या इतर माद्या पिल्लू सांभाळतात आणि बाळंतिणीला खायला वेळ मिळतो. माझ्याकडे येणाऱ्या, रात्र रात्र न झोपलेल्या, घरात एकट्या पडलेल्या नव्या आयांची मला तिथे आठवण झाली.

कोणीतरी विचारलं, "वानर आणि माकड एकच ना?" नाही. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. त्याचं पोट गाईम्हशीसारखं कप्प्याकप्प्यांचं असतं, त्यात जंतू पानांना आंबवतात आणि मग ती पचतात. म्हणून त्याला केळी, लाडू, बिस्किटं देणं म्हणजे त्याच्या पोटाशी वैर. लाल तोंडाचं, गालात खाणं साठवणारं ते माकड. त्यातही दोन प्रकार. दक्षिणेकडचं टोपीवालं आणि उत्तरेकडचं ऱ्हीसस. पश्चिम भारतात या दोघांच्या मधली जुनी सीमा कोणती मानतात माहीत आहे? आपली तापी. अलीकडे ऱ्हीसस माकडं ती ओलांडून खाली सरकली आहेत, पण सीमा म्हणून नाव आपल्या नदीचंच.

आणि हे ऱ्हीसस तुमच्या सगळ्यांच्या खिशात आहे. आधार कार्डाशेजारी रक्तगटाचं कार्ड असेल तर बघा, बी पॉझिटिव्ह, ओ निगेटिव्ह. हे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणजे 'आरएच', आणि आरएच म्हणजे ऱ्हीसस. १९४० मध्ये कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी ऱ्हीसस माकडाचं रक्त सशांना टोचलं. सशांच्या रक्तात त्याविरुद्ध जी प्रतिद्रव्यं तयार झाली, ती न्यूयॉर्कमधल्या सुमारे ८५ टक्के माणसांच्या रक्तपेशींनाही चिकटली. ते पॉझिटिव्ह, उरलेले निगेटिव्ह. पुढे कळलं की माकडाचा घटक आणि माणसाचा घटक तंतोतंत एक नाही, पण नाव पडलं ते पडलं. बँक मॅनेजर लगेच पाकीट काढून कार्ड बघायला लागले.

या गप्पांत साडेअकरा झाले. जेवण बाराला ठरलं होतं, पण केदारकुंडाचा धबधबा भरून वाहत होता आणि तिथून कोणी हलेना. परत फिरताना आक्का मागे पडल्या. एका दगडावर बसल्या, पदराने कपाळ पुसत होत्या. मी वळून पाहिलं आणि ओरडलो, "आक्का, बोर्निओला काय खुर्ची घेऊन जाणार का? थोडं वजन उतरवा!" त्यांनी हात हलवला, तुम्ही चला, मी येते. मी पुढे गेलो. दहा मिनिटांनी त्या आल्या. चेहरा ठीक होता. डाव्या मनगटाला हातरुमाल बांधला होता, तो मला दिसला नाही. खरं सांगायचं तर दिसला होता, मी विचारलं नाही.

जेवणं दीड वाजता झाली. परतताना पाटण्याच्या प्राचीन महादेव मंदिरात अर्धा तास थांबलो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ स्थापन केल्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख या पाटण्यातलाच. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भाऊ दाजी पेशाने डॉक्टर होते, हे मी बसमध्ये माइकवर दोनदा सांगितलं.

बुधवारी सकाळी आक्का उपाशीपोटी रक्त द्यायला दवाखान्यात आल्या. आमच्या सिस्टर रक्त घ्यायला गेल्या तर आक्का उजवा हात पुढे करतात, डावा पदराखाली. उजव्या हाताची शीर सापडत नाही हे सिस्टरला बारा वर्षांपासून माहीत आहे. त्यांनी डावा हात ओढला. मनगटावर दोन लांब ओरखडे, एकावर सुकलेल्या रक्ताची खपली, आणि सगळ्यावर हळद-चुन्याचा लेप.

"काय व्हयनं आक्का?"

"गुलाबाचा काटा लागला."

सिस्टर काही बोलल्या नाहीत. त्यांनी गरम पाणी आणलं, लेप हळूहळू सोडवत बसल्या, आणि म्हणाल्या, "काटा असा दोन्ही बाजूंनी जोडीने लागतो का? मी काही साहेबांना सांगत नाही." मग आक्कांनी सांगितलं. दगडावर बसल्या तेव्हा त्यांना घाम फुटला होता, हात थरथरत होते, डोळ्यांपुढे अंधारी आली होती. त्यांनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला. दोन बिस्किटं पोटात गेली तोवर मागून एक वानर आलं, पुडा ओढला. आक्कांनी सोडला नाही. त्याने पंजा मारला, पुडा घेतला, झाडावर. "बिस्किटं सापडली असती तर साहेब सगळ्यांसमोर बोलले असते," असं त्या सिस्टरला म्हणाल्या.

सिस्टरने अर्थातच मला सांगितलं. सांगावंच लागतं, आणि त्यांनी आक्कांना तसं कळवूनच सांगितलं.

आता थोडं थांबून वैद्यकीय भाग सांगतो, कारण यात जीव जाऊ शकतो.

रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो असा आपल्याकडे समज आहे. कुत्रा हे सर्वांत मोठं कारण खरंच, पण माकड-वानरासकट कोणत्याही सस्तन प्राण्याच्या चाव्यातून किंवा रक्त आलेल्या ओरखड्यातून तो होऊ शकतो. हा विषाणू जखमेतून शिरतो आणि नसेच्या कडेकडेने मेंदूकडे सरकतो. बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. लक्षणं सुरू झाली की वाचणं जवळपास अशक्य. म्हणून सगळी लढाई त्याआधीची. पाळीव कुत्रा-मांजराच्या बाबतीत त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवण्याची सोय असते, तीही लस सुरू करूनच. वानराला कोण दहा दिवस बांधून ठेवणार? म्हणून जंगली प्राण्याने जखम केली की ती आपण सर्वांत गंभीर गटातली, तिसऱ्या श्रेणीची धरतो.

आक्कांनी तिथल्या तिथे काय करायला हवं होतं? जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. साबण विषाणूचं बाहेरचं आवरण मोडतो, हा अर्धा उपचार आहे आणि तो फुकट आहे. हळद, चुना, तिखट, तेल, काही लावायचं नाही. घट्ट पट्टी नको, टाके शक्यतो नकोत. मग त्याच दिवशी दवाखाना. पोटात चौदा इंजेक्शनं, ही आपल्या आजोबांच्या काळातली गोष्ट. आता सरकारी रुग्णालयात कातडीत दिली जाणारी लस चार वेळा मिळते, पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दोन्ही दंडांवर थोडी थोडी. खासगीत स्नायूत देतात ती पाच वेळा, त्यात १४ वा दिवस वाढतो. तिसऱ्या श्रेणीच्या जखमेला याखेरीज इम्युनोग्लोब्युलिन लागतं, म्हणजे तयार प्रतिद्रव्यं, ती जखमेच्या आत आणि भोवती टोचतात. लस शरीराला प्रतिद्रव्यं तयार करायला शिकवते, पण शिकायला एक-दोन आठवडे लागतात. तेवढा काळ सांभाळायला हे. मधुमेह, बीपी, म्हातारपण, बाळंतपण, यांपैकी काहीही या लसीच्या आड येत नाही.

आणि उशीर झाला म्हणून घरी बसू नका. तीन दिवस गेले, आठवडा गेला, तरी या. आक्का तीन दिवसांनी का होईना, पोचल्या. मनगटावर मांस कमी, तिथे इम्युनोग्लोब्युलिन टोचताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसलो होतो. धनुर्वाताचं इंजेक्शनही झालं.

कोणी विचारेल, माकडतापाचं काय? तो आजार वेगळा. कर्नाटकात शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये तो प्रथम ओळखला गेला. तो माकडाच्या चाव्याने होत नाही, गोचिडीमुळे होतो, आणि त्यात माकडं-वानरं स्वतःच मरतात. महाराष्ट्रात तो सिंधुदुर्गात, दोडामार्गकडे, २०१६ पासून आढळला आहे. त्या भागातल्या जंगलात जाणार असाल तर पूर्ण अंग झाकणारे कपडे घाला आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य विभागाला कळवा.

मूळ गोष्टीकडे येतो. रेबीजची व्यवस्था लागली त्या रात्री मला झोप लागली नाही ती वानरामुळे नव्हे. साडेअकरा वाजता घाम, थरथर, अंधारी, आणि बिस्किट खाल्ल्यावर दहा मिनिटांत बरं. हे कोणत्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा. साखर उतरली होती. आणि मी काय म्हणालो? वजन उतरवा.

दुसऱ्या दिवशी आक्कांची फाइल काढली. जुलैमधला एचबीएवनसी ६.२. त्याच्यापुढे माझ्याच अक्षरात 'उत्तम', खाली दोन रेघा. हा तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी आकडा. पण सरासरीत एक फसवणूक असते. काही वेळ साखर जास्त आणि काही वेळ धोक्याइतकी कमी, तरी सरासरी सुरेख दिसते. ६८ वर्षांच्या, ग्लिमेपिराइड घेणाऱ्या बाईचा आकडा इतका खाली असेल तर शाबासकी देण्याआधी "मधेच घाम सुटतो का, हात थरथरतात का?" हे विचारायचं असतं. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं. त्यात वयोमानाने किडनीचं काम थोडं मंदावलं तर गोळीचा असर जास्त वेळ टिकतो. आक्कांचं क्रिएटिनिन तपासलं, ते वर्षभरात थोडं वर सरकलं होतं. तेही मी विचारात घेतलं नव्हतं.

मी त्यांना बोलावलं. या वेळी टेबलाच्या पलीकडे न बसता त्यांच्या बाजूला बसलो. विचारलं, असं किती वेळा होतं? आठवड्यातून दोन-तीनदा, म्हणाल्या. वर्षभर. सकाळी गोळी, नाश्ता, मग घरकाम, आणि अकराच्या सुमारास घाबरल्यासारखं. बिस्किट खाल्लं की बरं वाटतं, म्हणून पुडा कायम जवळ. गादीखाली एक, देवघराच्या कपाटात एक, पिशवीत एक.

"मला का नाही सांगितलं?"

"बिस्किटाचं नाव काढलं की तुम्ही रागावतात ना, भाऊ." मग थोड्या वेळाने, "मनी चूक व्हयनी."

त्यांची कसली चूक? बाईने स्वतःच्या आजाराचं निदान स्वतः केलं होतं, उपचारही बराचसा बरोबर शोधला होता, आणि तो माझ्यापासून लपवत वर्ष काढलं होतं. घरी ग्लुकोमीटर दिलं. आठवडाभरात अकरा वाजताचे आकडे आले ६१, ५८, ६६. सत्तरच्या खाली गेलं की ती साखर उतरणंच. गोळीचा डोस निम्मा केला, अकराचा छोटा खाऊ ठरवून दिला, मूठभर फुटाणे किंवा एक पेरू.

बिस्किट मात्र या कामाला फारसं चांगलं नाही. त्यातल्या मैद्यामुळे आणि तुपामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. उतरलेली साखर उचलायला साधी साखर बरी. तीन चमचे साखर किंवा तेवढंच ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच घ्या, आणि मग नीट काहीतरी खा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही ओतू नका, थेट दवाखाना. जे इन्सुलिन घेतात किंवा अशा गोळ्या घेतात त्या प्रत्येकाच्या खिशात साखरेची पुडी असायला हवी, हे मी माझ्या पेशंटना सांगतो असा माझा समज होता. ग्रुपमध्ये विचारलं तेव्हा एकवीसपैकी चार जणांकडे होती. आणि त्याच दिवशी आणखी तिघांनी सांगितलं की अकराच्या सुमारास त्यांनाही "कसंतरी होतं". त्यातल्या एकाने मागच्या दिवाळीत स्कूटर नाल्यात घातली होती. मला सांगताना ती "कुत्रं आडवं आलं" म्हणून घातली होती.

२८ व्या दिवशी आक्कांची लस पूर्ण झाली. कार्ड जपून ठेवायला सांगितलं, कारण पुन्हा कधी चावा-ओरखडा झाला तर पूर्ण कोर्स लागत नाही, पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी असे दोन डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. बोर्निओला जाणाऱ्या बाईला हे कार्ड पासपोर्टइतकंच उपयोगी.

जानेवारीत एचबीएवनसी ७.२ आला. आकडा वाढला म्हणून आक्कांचा चेहरा पडला. मी सांगितलं, तुमच्या वयाला हा चालतो, उलट मला तो आधीच्यापेक्षा जास्त आवडला. फाइलवर शेरा लिहिला नाही. अकराला कसं वाटतं ते विचारलं आणि जे सांगितलं ते लिहून घेतलं.

एप्रिलची तयारी चालू आहे. गोळ्या दोन जागी, अर्ध्या हातातल्या पिशवीत. पायांना सवय झालेले जुने बूट, नवे नाहीत, आणि रोज संध्याकाळी तळव्यांना आरसा लावून पाहणं. तिकडचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणून गोळी घड्याळावर नाही, जेवणावर. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी दमट हवेत उघडी ठेवायची नाही. बोर्निओत माकडांमधला एक मलेरिया डासांमार्फत माणसाला होतो, नोलेसी नावाचा, आणि तो झपाट्याने वाढतो. तेव्हा अंगभर कपडे, डास पळवणारं मलम, आणि परत आल्यावर ताप आला तर "व्हायरल असेल" न म्हणता कुठे जाऊन आलो ते डॉक्टरला आधी सांगणं. आणि सर्दी-खोकला असेल तर ओरांगउटानच्या जवळपास जायचं नाही. आपले श्वसनाचे आजार त्यांना होतात. हे ऐकून आक्का म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी आपल्याला भ्यायचं!"

त्याआधी एक तालीम अजून आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आम्ही यावल अभयारण्यात, पालच्या बाजूला जातो आहोत. सातपुड्यातलं जंगल, अंजन आणि सागाचं. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड ११३ वर्षं कोणाला दिसलं नव्हतं, नामशेष झालं असं मानत होते, आणि १९९७ मध्ये ते आपल्या शहाद्याजवळ सापडलं. यावलमध्येही त्याची नोंद आहे. दिसेलच असं नाही. बस पहाटे पाचला सुटेल, जेवण बाराला म्हणजे बाराला. प्रत्येकाच्या खिशात साखरेची पुडी, बिस्किटं बंद डब्यात, आणि डबा माझ्याकडे. ज्याला लागेल त्याने मागायचा. माइक या वेळी सिस्टरकडे आहे. तीन जागा शिल्लक आहेत.